मॅडम, किती किलो उतरवलं की कॅन्सर होणार नाही?

हा प्रश्न घेऊन नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकला एक जण आले होते, वय ४१, वजन ९८, ऐरोलीला आयटीत, शिफ्टची नोकरी. दादाला ४४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून हे सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर. जेवण अर्ध्यावर आणलेलं, झोप उडालेली. आणि घरी आई म्हणते, वजनाचं काही नसतं रे, दादा तर काडीसारखा, त्याला कसा झाला मग?

आता दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. लठ्ठपणाने धोका वाढतो हे खरंच, २०१६ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लठ्ठपणाशी जोडलेले १३ कॅन्सर सांगितले त्यात हा मोठ्या आतड्याचाही आहेच. पोटाच्या आतली चरबी नुसती पडून नसते हो, तिच्यामुळे इन्सुलिन चढं राहतं, शरीरात बारीक सूज धुमसत राहते आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना वाढायला ते फावतं. म्हणून मी काट्याआधी टेप काढते. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आत हवी, यांची १०८ भरली. पण धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढतो म्हणजे शंभर जाड माणसांतल्या तिसांना होतो असं नाही, मुळात जेवढी शक्यता असते तिच्यात तेवढी भर. हे कळल्यावर चेहरा जरा सैल झाला.

मग मी विचारलं, तुमची कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली का?

"माझी? कॅन्सर तर दादाला आहे ना."

इथे मला रागच आला, त्यांचा नाही, पण इतके महिने दादाबरोबर हॉस्पिटलच्या फेऱ्या मारल्या आणि कोणीच सांगितलं नाही? सख्ख्या भावाला असेल तर आपली तपासणी चाळिशीला किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. या हिशोबाने यांचा नंबर कधीच लागून गेलेला. वजन उतरेल सावकाश, तपासणी याच महिन्यात करा म्हटलं.

लाज वाटते, तपासणीआधीचं ते जुलाबाचं औषध नको, सुट्टी नाही, सगळी कारणं झाली. शेवटी केली. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, निघाले, तिथल्या तिथे काढले. पॉलिप म्हणजे कॅन्सर नाही, पण काहींचा वर्षानुवर्षांनी होतो.

आता रात्री तलावपाळीला चकरा मारतात, कंबर १०३वर आलीय. डोंबिवलीच्या बहिणीचीही तपासणी व्हायला हवी, तर ती म्हणते मी कुठे जाडी आहे, मला काय धाड भरलीये. पुढच्या वेळी तिला घेऊनच या म्हटलंय.