2012 च्या सेनव्हॅट क्रेडिटच्या नोटिशीची सुनावणी आता लागली आहे. एवढ्या उशिरा आदेश देता येतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा एमआयडीसीत आपले मशीनिंगचे छोटे युनिट आहे. तयार माल ग्राहकाच्या दारापर्यंत पोचवण्याच्या वाहतुकीवर आपण सेनव्हॅट क्रेडिट (आधी भरलेल्या कराची उत्पादन शुल्कात मिळणारी वजावट) घेतले होते. 2008 नंतरच्या काळातील ते क्रेडिट नाकारणारी कारणे दाखवा नोटीस 2012 मध्ये आली, तिला आपण वेळेत उत्तर दिले आणि त्यानंतर खात्याकडून काहीही आले नाही. आता अचानक वैयक्तिक सुनावणीचे पत्र आले आहे. एवढ्या काळानंतर आदेश काढता येतो का, आणि त्या वेळी निषेध नोंदवून उलटवलेली (म्हणजे हक्क राखून खात्याला परत केलेली) क्रेडिटची रक्कम परत मिळू शकते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी सांगलीत अप्रत्यक्ष करांचे काम करतो आणि एक्साइजची अशी भिजत पडलेली घोंगडी आजही माझ्या टेबलावर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

उशीर हा आपल्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्याच्या कलम 11अ मध्ये, फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणात नोटिशीपासून सहा महिन्यांत शुल्क निश्चित करावे, असे म्हटले आहे. मात्र त्याला 'जेथे शक्य असेल तेथे' असे शेपूट जोडलेले आहे. खाते वर्षानुवर्षे याच शेपटाला धरून बसते. उच्च न्यायालयांनी मात्र या शब्दांचा अर्थ 'वाटेल तेव्हा' असा होत नाही, हे वेळोवेळी सांगितले आहे. पार्ले इंटरनॅशनलच्या प्रकरणात 2006 च्या नोटिशींवर सुमारे तेरा वर्षांनी झालेली कारवाई मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये रद्द केली. एटीए फ्रेट लाइनच्या सेवाकराच्या प्रकरणातही याच न्यायालयाने जुन्या नोटिसा टिकू दिल्या नाहीत आणि त्याविरुद्धची खात्याची विशेष अनुमती याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळली.

आता खाते काय म्हणेल ते पाहू. 'प्रकरण कॉल बुकमध्ये होते' हेच त्यांचे उत्तर असणार. एखादा कायदेशीर प्रश्न वरच्या न्यायालयात प्रलंबित असेल, तर त्यावर अवलंबून असलेल्या नोटिसा बाजूला ठेवण्याची ही खात्याची अंतर्गत पद्धत आहे; तिचा मूळ आधार केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क मंडळाचे 1995 चे परिपत्रक आहे. उत्पादन शुल्क कायद्यात तिचा उल्लेख नाही आणि गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये सिद्धिविनायक सिंटेक्सच्या प्रकरणात नेमके हेच दाखवून दिले. सीमाशुल्क कायद्यात 2018 साली अशी तरतूद मुद्दाम घालावी लागली, यावरूनही तिला आधी कायद्याचे पाठबळ नव्हते, असा युक्तिवाद करता येतो. प्रकरण कॉल बुकमध्ये टाकले की संबंधित व्यापाऱ्याला तसे लेखी कळवावे, असे मंडळाच्याच 10 मार्च 2017 च्या मुख्य परिपत्रकात आहे. रेमंडच्या प्रकरणात 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने न कळवण्याच्या या चुकीला बरेच वजन दिले होते. म्हणून आपल्याला तसे पत्र कधी आले होते का, हे आधी आवक नोंदवहीत तपासा आणि आले नसेल तर आपल्या लेखी निवेदनात तसे स्पष्ट लिहा.

आपल्या प्रकरणात एक तारीख कळीची आहे. बाहेरच्या वाहतुकीवरील क्रेडिटचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता आणि 1 फेब्रुवारी 2018 रोजी अल्ट्राटेक सिमेंटच्या निकालाने तो सुटला. त्याच वर्षी जूनमध्ये मंडळाने त्यावर परिपत्रकही काढले. म्हणजे 2012 ते 2018 हा काळ खाते कॉल बुकच्या नावावर टाकू शकेल, पण त्यानंतर नोटीस कपाटात का राहिली, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. करोनाच्या काळातील मुदतवाढीचा आधार ते घेतील. तो दोन वर्षांच्या आसपासचा हिशेब सोडला, तरी उरलेल्या वर्षांचे स्पष्टीकरण उरतेच. निवेदनात वर्षवार तक्ता द्या: कोणत्या तारखेला खात्याने काय केले आणि आपण काय केले. उशीर आपल्या तारखा मागण्यामुळे झाला असेल, तर न्यायालय मदत करत नाही, त्यामुळे आपली बाजू स्वच्छ असल्याचे या तक्त्यातून दिसले पाहिजे.

उशिरामुळे आपले नुकसान काय झाले, हेही दाखवावे लागते आणि इथे बरेच जण मोघम लिहून मोकळे होतात. माझ्या एका अशिलाचे कार्यालय सांगलीत कृष्णेच्या काठच्या पेठेत तळमजल्यावर होते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा त्यांच्या बिल्ट्या, खरेदी आदेश आणि पोच-पावत्या यांचा अक्षरशः लगदा झाला. नुसते 'कागद पुरात गेले' असे लिहिले असते, तर अधिकाऱ्याने ते वाचून पान उलटले असते. तलाठ्याचा पंचनामा, विम्याच्या दाव्याची प्रत आणि कोणत्या महिन्यांचे कोणते कागद गेले याची यादी जोडल्यावर त्यांना त्याची दखल आदेशात घ्यावी लागली. आपल्याकडे महापूर नसेलही, पण तेव्हाचा लेखापाल सोडून गेला असेल, वाहतूकदाराचा व्यवसाय बंद झाला असेल किंवा संगणकातील जुनी माहिती आता उघडत नसेल. जे खरे आहे तेवढेच, पण पुराव्यासह मांडा.

तरीही फक्त उशिरावर विसंबून गुणवत्तेचे मुद्दे सोडू नका. सुनावणी घेणारा अधिकारी केवळ उशीर झाला म्हणून नोटीस सोडून देईल, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तो अधिकार वापरण्याची हिंमत त्या खुर्चीत क्वचितच दिसते. अल्ट्राटेकचा निकाल आपल्या विरुद्ध जातो, हे खरे आहे. पण आपली विक्री ग्राहकाच्या दारात माल पोचवण्याच्या अटीवर असेल, भाडे किमतीत धरलेले असेल आणि वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी आपली असेल, तर 'माल काढण्याचे ठिकाण' (क्रेडिट जिथपर्यंतच्या वाहतुकीवर मिळते ते ठिकाण) कोणते, हा वस्तुस्थितीचा प्रश्न उरतो. रामको सिमेंट्सच्या प्रकरणात 2023 मध्ये उत्पादन शुल्काच्या अपील न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने तो तसाच ठेवला आहे. शिवाय नोटिशीचा मोठा भाग तेव्हाच्या एक वर्षाच्या सामान्य मुदतीबाहेरचा असेल, तर माहिती दडवल्याचे खात्याने सिद्ध करायला हवे. मासिक विवरणपत्रात क्रेडिट दाखवलेले असेल, तर दडवले काय, हा प्रश्न त्यांना लेखी विचारा.

व्याजाबद्दल एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. क्रेडिटची मागणी कायम झाली, तर व्याज फाइल पडून राहिलेल्या काळाचेही लागते. ते 2016 पर्यंत वर्षाला 18 टक्के आणि पुढे 15 टक्के होते. कोणी 2012 पासून आजवर रक्कम उलटवली नसेल, तर नुसते व्याजच मुद्दलाच्या दुपटीच्या घरात जाते. झोप खात्याची आणि मीटर मात्र व्यापाऱ्याचा, असा हा उफराटा न्याय आहे. आपण निषेध नोंदवून तेव्हाच रक्कम उलटवल्याने तो मीटर त्या दिवशी थांबला.

ही रक्कम परत मिळण्याविषयी: नोटीस रद्द झाली किंवा आदेश आपल्या बाजूने लागला, तर जीएसटी कायद्याच्या कलम 142(8) नुसार परतावा क्रेडिटच्या रूपात न येता रोख मिळतो, निकाल अपिलात लागला, तर 142(6) लागते. निषेध नोंदवलेला असल्याने परताव्याची एक वर्षाची मुदत आड येत नाही, पण त्या निषेधाचे पत्र आणि त्याची पोच आत्ताच शोधून ठेवा. निकाल लागताच रीतसर अर्ज करा, कारण अर्जाच्या तारखेपासून तीन महिने उलटल्यावर 6 टक्के व्याज सुरू होते आणि ते तीन महिने अर्जापासूनच मोजायचे, आदेशापासून नव्हे, हे रॅनबॅक्सीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

सुनावणी चुकवू नका. गैरहजर राहून थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करायची कल्पना काही जण सुचवतात, पण तसे केल्यास उशिराचे खापर आपल्यावर फोडायला खात्याला आयते निमित्त मिळते. हजर राहून उशिराचा आक्षेप पहिल्या परिच्छेदात नोंदवा, त्याखाली गुणवत्तेचे मुद्दे द्या आणि सुनावणीच्या नोंदीवर सही करण्यापूर्वी तो आक्षेप तिथे लिहिला आहे का, हे पाहून तिची प्रत घ्या. सुनावणीनंतर महिन्याभरात निर्णय कळवावा, असे त्याच 2017 च्या परिपत्रकात आहे. आदेश विरुद्ध गेला, तर आयुक्त अपिलांकडे साठ दिवसांत अपील करता येते आणि त्यासाठी मागणीच्या साडेसात टक्के रक्कम भरावी लागते. रिटचा मार्ग निवडायचा असेल, तर साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. मात्र न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ अजून मुंबईतच आहे, तेव्हा तिथपर्यंत जायची वेळ आली, तर तेवढा खर्च हिशेबात धरा.