ट्विच, ट्वीक, ट्विंज, जर्क या इंग्रजी शब्दांचे मूळ अर्थ काय? मराठीत सगळ्यांना ‘झटका’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, पण ‘झटका’ दिसला आणि राहवलं नाही.

मी भाषांतरं करतो, बरीचशी दवाखान्यांच्या पत्रकांची. तीनेक वर्षांपूर्वी गुडघ्याच्या व्यायामाचं एक पत्रक आलं. पाय वाकवताना ‘ट्विंज’ जाणवली तर थांबा, असं त्यात होतं. मी लिहिलं, ‘चमक आली तर थांबा’. पुढे मांडीचा स्नायू ‘ट्विच’ होतो असं होतं, तिथे ‘स्नायू उडतो’. तपासणाऱ्या साहेबांनी दोन्ही खोडून ‘झटका’ केलं. फोन केला तर म्हणाले, “अहो, झटका सगळ्यांना कळतो.” कळतो ना, म्हणूनच घाबरतात! छापलेलं पत्रक आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “गुडघ्यालाही झटका येतो होय रे आता?”

आता मूळ. ‘ट्विंज’ आलं जुन्या इंग्रजीतल्या ‘ट्वेंगन’वरून, म्हणजे चिमटा काढणे. दुखण्याचा अर्थ नंतर चिकटला: आतून कुणी चिमटा घ्यावा तशी कळ. ‘ट्विच’ आणि ‘ट्वीक’ हे ‘ट्विच्चिअन’च्या घरातले, ते चिमटीत धरून ओढणं, खुडणं. बुजऱ्या घोड्याचा वरचा ओठ दोरीच्या फासात पिळून धरतात, त्या साधनालाही इंग्रजीत ‘ट्विच’च म्हणतात. हॅम्लेट दुसऱ्या अंकात स्वतःवरच चिडून विचारतो, कोण माझी दाढी उपटतो, कोण माझं नाक पिळतो? दाढीला ‘प्लक’, नाकाला ‘ट्वीक’. दाढीला हिसका लागतो, नाकाला दोन बोटं पुरतात, हे शेक्सपिअरला कळत होतं. आमच्या साहेबांना नाही.

‘जर्क’ची जात वेगळी. सोळाव्या शतकात तो चाबकाचा फटका होता. त्याला झटका, हिसका, गचका, काय हवं ते द्या. ‘रेंच’ म्हणजे मुळात पिरगाळणं. ‘यँक’ म्हणजे हिसका देऊन ओढणं, पण त्याला जुना समजू नका, तो एकोणिसाव्या शतकातला.

हां, एक राहिलं. ‘ट्व’ दिसला की चिमटा, असं धरून चालू नका. ‘ट्विन’, ‘ट्वाइन’ हे ‘दोन’वरून आलेत. आणि ‘ट्वीझर्स’ म्हणजे चिमटाच असला तरी त्याचा ‘ट्वीक’शी संबंध नाही, तो शब्द ‘एत्वी’ या फ्रेंच शब्दावरून आला, म्हणजे बारीकसारीक हत्यारं ठेवायची डबी. शिवाय मूळ अर्थ कळला म्हणून भाषांतरात तोच घालायचा असंही नाही. ‘गुडघ्याला चिमटा आला’ मीही लिहिणार नाही. पण चमक, कळ, उसण, लचक, स्नायू उडणं, पापणी लवणं एवढं सगळं घरात असताना एकच झटका का वाटत सुटायचं?

परवा शेजारच्या काकूंच्या हातात तेच पत्रक दिसलं. नव्याने छापलंय, रंगीत. झटका तसाच आहे.