माजी सैनिकाच्या कुटुंबाला सोशल वर्कर नक्की काय मदत करतात?
नाशिकमध्ये असाल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांना गाठा, ते बहुतेक स्वतःच माजी सैनिक असतात. वीरपत्नी येते तेव्हा पिशवीत पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक (नवऱ्याच्या सैन्यसेवेची नोंदवही), आधार असतं आणि तिचं नाव तिन्हीकडे वेगळं, मग सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलवर दुरुस्ती, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, मुलांची स्कॉलरशिप, हे सगळं तिच्या शेजारी बसून करून घ्यावं लागतं. पण माझ्या मते सगळ्यात अवघड काम घरातलं. पस्तीस-चाळिशीत रिटायर होऊन आलेला माणूस, झोप नाही, चिडचिड, दारू, आणि बायको कुणाला सांगत नाही... चांगला सोशल वर्कर आधी तिचं ऐकून घेतो, मग हळूहळू त्याला डॉक्टरपर्यंत नेतो. रात्री-बेरात्री गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे, मराठीत बोलतात.