समुद्र नाही तिथे मासे शिकून काय करू?

प्रश्न : सर, मी नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकते. घरचे म्हणतात समुद्र कुठे अन् तू कुठे. तुम्ही मंडपमच्या लॅबमध्ये होता असं कळलं. तिथे रोज नेमकं काय काम चालायचं, आणि त्यातलं इकडे काही कामी येतं का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : पोरी, येतं, खूप येतं. मंडपम म्हणजे रामेश्वरच्या अलीकडचं, पांबन पुलाच्या आधीचं मच्छीमारांचं गाव. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली, १९४९ ला मंडपमला आली आणि १९७१ मध्ये मुख्यालय कोचीला गेलं, मी रुजू झालो तेव्हा मंडपमला प्रादेशिक केंद्र होतं.

लोकांना वाटतं लॅब म्हणजे मायक्रोस्कोप. तो होताच, नमुने टिकवायच्या फॉर्मलिनचा वास तर कपड्यातून जायचाच नाही, पण खरं काम पहाटे किनाऱ्यावर सुरू व्हायचं. बोट लागली की टोपलीतून नमुना घ्यायचा, न निवडता, मोठे मोठे मासे उचलायचे नाहीत, आणि एकेक मासा पट्टीवर ठेवून लांबी लिहायची, मग वजन, मग पोट चिरून नर की मादी, अंडी कितपत पिकलीत, पोटात काय खाल्लेलं आहे. हेच दर महिन्याला. कारण असं की थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर, म्हणजे ओटोलिथवर, वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात आणि वय मोजता येतं, आपल्याकडच्या उष्ण पाण्यात ती बऱ्याचदा नीट दिसत नाहीत. म्हणून शेकडो माशांच्या लांबीचा आलेख काढायचा आणि कोणत्या मापाचे मासे जास्त आहेत तो उंचवटा महिन्यागणिक पुढे कसा सरकतो ते बघायचं, त्यावरून वाढीचा वेग कळतो. कंटाळवाणं वाटेल, पण लहान मासा किती धरला जातोय हे यातूनच कळतं आणि मला आजही हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

तिथले कोळी मात्र आमच्याआधीच बरंच जाणून असायचे. गावाच्या एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. नैऋत्य मोसमी वाऱ्यात मन्नारची बाजू खवळते तेव्हा पाल्कची शांत असते, ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी आला की उलट, मग होड्या बाजू बदलतात. आमच्या नोंदीत पकड अचानक घटलेली दिसली तर आधी त्यांना विचारायचं, मासा कमी झाला की होडीच गेली नाही. हे कोणत्या पुस्तकात शिकवत नव्हते बघ.

आता तुझं. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव आहेत ना, माजी मालगुजारी तलाव, तिथे ढीवर बांधव सोसायटीतर्फे रोहू-कटला धरतात. तुझ्या प्रोजेक्टसाठी एक तलाव धर, दर महिन्याला त्याच जाळ्याच्या पकडीतली लांबी-वजन लिही, जाळ्याचा मेश साइज, म्हणजे भोकाचं माप लिही, बीज म्हणजे माशांची पिल्लं कधी किती सोडली ते मच्छीमार सोसायटीच्या वहीतून घे. बीज सोडल्याची तारीख माहीत असली की माशाच्या वयाचा चांगला अंदाज येतो, ही सोय आम्हाला समुद्रात कधीच नव्हती. अन् ढीवर काकांना विचारल्याशिवाय माशाला हात लावू नको, तो त्यांचा त्या दिवसाचा बाजार असतो.