ईएमडीआरमध्ये नुसते डोळे फिरवून मनावरचा आघात बरा कसा होतो?

तुमचा प्रश्न असा: दोन वर्षांपूर्वी अपघात झाला, अजूनही मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हातपाय गार पडतात, समुपदेशकांनी ईएमडीआर (आघाताची आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे फिरवायला लावणारा मानसोपचार) सुचवलंय. डोळे इकडून तिकडे फिरवून हे जाणार कसं, आणि यूट्यूबवरचा फिरता ठिपका बघून घरीच केलं तर चालेल का?

घरी करू नका. आठ टप्प्यांच्या उपचारातला फक्त चौथा टप्पा त्या व्हिडिओत असतो. आठवण उघडते आणि ती सावरायला समोर कुणी नसतं. पण एकट्या व्हिडिओवाल्यांना काय बोलायचं? जेमतेम प्रशिक्षण घेऊन पहिल्याच भेटीत बोटं फिरवणारे थेरपिस्टही आहेत, आणि ‘तयारीत वेळ कशाला घालवता’ असं तेच वर इतरांना ऐकवतात. हे साफ चूक आहे.

पहिल्या टप्प्यात पूर्वेतिहास घेतात, दुसऱ्यात तयारी. तयारी म्हणजे एखादी शांत जागा मनात पक्की करणं, श्वासावर येणं, हात वर केला की थांबायचं ही खूण ठरवणं. मग एक गोष्ट तपासायची: आठवण जराशी चाळवली तर हा माणूस काही मिनिटांत परत भानावर, या खोलीत येतो का? येत नसेल तर पुढे जायचं नाही. एकाच अपघाताच्या केसमध्ये याला बहुधा एकदोन भेटी पुरतात. लहानपणी वर्षानुवर्षं अत्याचार सोसलेल्या माणसाला काही महिनेही लागतात.

तिसऱ्या टप्प्यात सर्वांत नकोसं चित्र निवडतात आणि त्याला चिकटलेलं स्वतःबद्दलचं वाक्य शोधतात. ‘ट्रक अंगावर आला’ ही घटना झाली, ती इथे उपयोगाची नाही. ‘मी अजून धोक्यात आहे’ किंवा ‘चूक माझीच होती’, असं वाक्य हवं. त्याच्या जागी काय मानायला आवडेल तेही ठरवतात. ‘पुन्हा कधीच अपघात होणार नाही’ हे चालत नाही, कारण त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ‘ते संपलं, आता मी सुरक्षित आहे’ हे चालतं. ते आत्ता किती खरं वाटतं हे १ ते ७ मध्ये, त्रास किती होतो हे ० ते १० मध्ये, आणि तो शरीरात कुठे जाणवतो, एवढं लिहून घेतात.

आता चौथा टप्पा. खुर्च्या अगदी समोरासमोर नकोत, थोड्या बाजूला सरकवलेल्या हव्यात. थेरपिस्टची बोटं पेशंटच्या चेहऱ्यापासून साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरवर इकडून तिकडे फिरतात, पेशंट ते चित्र मनात धरून त्यांच्यामागे नजर नेतो. मान स्थिर, फक्त डोळे फिरतात. एक जाऊन-येऊन फेरी सुमारे सेकंदाची, अशा २४ च्या आसपास फेऱ्यांचा एक सेट. मग ‘सोडून द्या, श्वास घ्या, आता काय येतंय?’ पेशंट एकदोन वाक्यं बोलतो, थेरपिस्ट ‘बरं, तेच धरून पुढे जाऊ’ एवढंच म्हणतो आणि पुढचा सेट सुरू. अर्थ लावत बसायचं नाही. थेरपिस्ट बोलका असला की इथेच गाडी अडते.

दोन सेट झाले तरी तेच ते येत असेल तर दिशा किंवा वेग बदलायचा. तरीही हललं नाही तर एक छोटा प्रश्न: ‘ब्रेक दाबायला तुमच्या हातात किती वेळ होता?’ आणि लगेच पुढचा सेट. पेशंट रडायला लागला म्हणून घाबरून थांबणं ही नेहमीची चूक. त्रासाच्या शिखरावर थांबवलंत तर तो तिथेच अडकून घरी जातो. मात्र नजर शून्यात गेली, उत्तरं उशिरा येऊ लागली, हातपाय जाणवत नाहीत म्हणाला, तर त्याच क्षणी थांबायचं. पाय जमिनीवर टेकवायला सांगायचे, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला लावायची. या दोन अवस्थांमधला फरक ओळखणं, प्रशिक्षण खरं यासाठी असतं.

त्रास ० किंवा १ वर आला की नवं वाक्य रुजवतात, डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासतात, सेशन बंद करतात आणि पुढच्या भेटीत पुन्हा मोजतात.

हे का चालतं? मला पटणारं स्पष्टीकरण असं: आपण एका वेळी मनात धरू शकतो ते मर्यादित असतं. आठवण समोर असताना डोळ्यांनाही काम दिलं की चित्राला पुरेशी जागा उरत नाही, ते फिकं पडतं आणि तसंच फिकं परत साठवलं जातं. आकडे उलटे मोजण्यासारख्या कामांनीही चित्र फिकं होतं. म्हणूनच संथ ठिपक्याचा फारसा उपयोग नसतो, त्याने मनावर पुरेसा ताण येत नाही.

‘हे सगळं थोतांड, खरा परिणाम आठवणीला सामोरं जाण्याचाच’ हा वाद ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये पहिला अभ्यास छापला तेव्हापासूनचा आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००१ च्या विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालीने वेगळी भर पडल्याचं दिसलं नाही, २०१३ च्या दुसऱ्या विश्लेषणात दिसलं. डोळ्यांचा वाटा आहे, पण सगळं श्रेय त्यांना देऊ नये, असं माझं मत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) हा उपचार शिफारशीत घेतला, पण सोबत आघातावर केंद्रित सीबीटीही (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) घेतलं. तुमच्या गावात सीबीटीचा चांगला माणूस असेल तर त्याच्याकडे जा, काही बिघडत नाही.

किती सेशन? एकाच घटनेसाठी साधारण ८ ते १२ धरा, प्रत्येक ६० ते ९० मिनिटांचं. सेशननंतरचे दोनतीन दिवस विचित्र स्वप्नं पडू शकतात, चिडचिड होऊ शकते. ते टिपून ठेवा आणि थेरपिस्टला दाखवा. सेशन जड गेलं तर लगेच गाडी चालवू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स काढून बसा. फिट येत असेल किंवा डोळ्यांचा आजार असेल तर आधी सांगा, हातांवर आलटून पालटून टिचक्या देऊनही काम होतं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि अपघाताचा दावा न्यायाधिकरणात चालू असेल, तुमची साक्ष व्हायची असेल, तर सुरू करण्याआधी वकिलांशी बोला आणि जे आठवतंय ते तारखेसह लिहून ठेवा. उपचारानंतर चित्र धूसर होतं, आणि उलटतपासणीत नेमकं त्यावरच बोट ठेवलं जाऊ शकतं.