कॅनू खडकावर आडवी आदळली तर?

प्रश्न : आम्ही दोघं कॅनूतून (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, उघडी होडी) आठ दिवसांच्या नदीप्रवासाला निघतोय. वाटेत वस्ती नाही, रॅपिड (खडकांतून वेगाने खळाळणारे टप्पे) बरेच आहेत. सामान होडीला बांधावं की मोकळं ठेवावं? आणि होडी आडवी होऊन खडकावर गेली तर काय करायचं?

उत्तर : खडकाचं आधी सांगतो, कारण तिथे आपोआप जे सुचतं तेच घात करतं. खडक जवळ आला की माणूस दचकून उलट बाजूला झुकतो. त्यामुळे प्रवाहाकडची कड खाली जाते, पाणी आत घुसतं आणि भरलेली होडी खडकाभोवती वाकते. मग ती दोघांच्या ताकदीने हलत नाही. म्हणून आदळायच्या क्षणीच दोघांनी खडकाकडे झुकायचं, जमलं तर त्याला मिठीच मारायची आणि होडी तशीच कलती ठेवून पुढे-मागे सरकवत सोडवायची. निघण्याआधी संथ पाण्यात याचा सराव नक्की करा.

पाण्यात पडलात तर होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला राहा. होडी आणि खडक यांच्यामध्ये कधीच नको. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलं पृष्ठभागालगत. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उभं राहू नका. दगडांत पाऊल अडकलं की प्रवाह डोकं पाण्याखाली दाबतो. पडलेलं झाड मात्र वेगळं : फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. ते टळत नसेल तर पालथे होऊन, डोकं पुढे ठेवून जोरात पोहा आणि खोडावर चढा.

सामान रॅपिडमध्ये घट्ट बांधलेलं बरं. फुगीर ड्राय बॅगा (पाणी आत न जाणाऱ्या पिशव्या) जागा अडवतात, तेवढं पाणी आत कमी मावतं आणि उलटलेली होडी वर तरंगते. दोरीचे सैल फास मात्र ठेवू नका, त्यात पाय अडकतो. जड बॅगा मधोमध, तळाशी. दोघं बसल्यावर तळात कपभर पाणी ओता. ते किंचित मागे वाहिलं तर भार बरोबर आहे. पुढे वाहिलं तर होडीचं मागचं टोक भरकटेल. समोरून वारा असेल तेव्हा थोडा भार पुढे घ्या.

चाकू, शिट्टी, काडेपेटी (जलरोधक डबीत) आणि मदत मागायचं सॅटेलाइट उपकरण लाइफ जॅकेटच्या खिशातच हवं. होडी हातची गेली तरी एवढं तुमच्याजवळ राहतं. जादा वल्हं बांधा, पण एका झटक्यात सुटेल असं.