मेटल-रॉकसाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार: दुकानदार म्हणतोय तीच घेऊ का?

नका घेऊ. निदान पहिली म्हणून तरी नका.

तुमचा प्रश्न असा: सांगलीत राहता, वर्षभर अकूस्टिक वाजवून झालीय, आता मेटल आणि रॉक वाजवायचंय, ॲम्पसकट २५ हजारांत बसवायचंय. आणि दुकानदार म्हणतोय की मेटलला फ्लॉइड रोझवालीच, म्हणजे तरंगत्या ब्रिजचीच लागते (ब्रिज म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तो भाग). हेच वाक्य मी सोळा वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि भुलून तशी गिटार घरी आणलीही होती. काळीकुळीत, दोन टोकदार शिंगांची, आणि ब्रिज म्हणजे फ्लॉइड रोझची स्वस्तातली नक्कल. पहिल्याच आठवड्यात सगळ्यात पातळ तार तुटली. जेवणं झाल्यावर बसलो, म्हटलं दहा मिनिटांचं काम. नवी तार चढवून सुरात आणली, तर बाकीच्या पाच उतरलेल्या. त्या लावल्या, तर नवी उतरलेली. साडेअकराला आई पाणी प्यायला उठली तेव्हा मी फरशीवर ॲलन की घेऊन बसलो होतो. "वाजवायला घेतलीस की दुरुस्त करायला?" एवढं विचारून ती झोपायला गेली.

चूक माझी नव्हती, रचनाच तशी आहे. या गिटारीत ब्रिज लाकडावर पक्का बसवलेला नसतो. पुढून तारा ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा ओढतात आणि मधे ब्रिज तराजूच्या काट्यासारखा तोल सांभाळून असतो. एका तारेचा ताण बदलला की काटा हलला, आणि काटा हलला की सगळ्या तारा बिघडल्या. वर नटपाशी, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडच्या पट्टीपाशी, तारा स्क्रूने आवळलेल्या, त्यामुळे खुंट्या पिळून उपयोग नाही. आता मेटलमध्ये पहिल्या महिन्यातच ड्रॉप डी लागतं: जाड ई तार एक सूर उतरवून डीला आणायची, म्हणजे एका बोटात पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉक-मेटलमधला दोन-तीन तारांचा दणकट कॉर्ड, पडतो. साध्या गिटारीवर हे दहा सेकंदांचं काम. तरंगत्या ब्रिजवर ती तार सैल केली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. शिवाय पाम म्यूट, म्हणजे उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवून दाबून वाजवणं, हा तर मेटलचा श्वास. नवशिक्याचा हात तिथे जरा जड पडला की सूर हलतो. दोष आपल्याला ऐकू येतो, पण कुणाचा ते कळत नाही.

म्हणून माझी पहिली अट: ब्रिज फिक्स्ड, म्हणजे हार्डटेल. दुसरी: ब्रिजजवळचा पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबकाचा भाग) हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडतो. डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलचा तो फाटका आवाज, चढवलं की तीच गुणगुण फ्रिजच्या मोटरसारखी घोंघावते. हमबकरमध्ये दोन कॉइल अशा उलटसुलट जोडलेल्या असतात की ती गुणगुण एकमेकींत कटते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट जोमाने येतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये ही युक्ती काढली ती निव्वळ गोंगाट घालवायला. तेव्हा मेटल नावाचं काही नव्हतंच. बाकी लाकूड कोणतं, फ्रेट २२ की २४, याची चर्चा तुम्ही दोन वर्षांनी करा.

नावं हवीत तर आयबानेझची जीआरजी १२१ डीएक्स, कॉर्टची केएक्स १००, किंवा जॅक्सनच्या जेएस मालिकेतली डिंकी, पण नावात एचटी असलेली. एचटी म्हणजे हार्डटेल. मेटलपेक्षा रॉककडे ओढा जास्त असेल तर यामाहा पॅसिफिका ०१२. तिच्यात ब्रिजला हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल आहेत, त्यामुळे स्वच्छ आवाजही छान निघतो. ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज, आहे, पण साधा: मागच्या स्प्रिंगा आवळल्या की ब्रिज लाकडाला टेकून गप्प बसतो.

दुकानात गेलात की आधी ॲम्पला न जोडताच वाजवा. सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट दाबून बघा. कुठे आवाज मरतोय का, शेजारच्या दोन फ्रेटवर एकच सूर येतोय का. पातळ तार पंधराव्या फ्रेटवर दाबून बाजूला ओढा (बेंड करा), सूर मधेच गुदमरला तर ती गिटार ठेवून द्या. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोकं करवतीसारखी लागायला नकोत. मग ॲम्पला जोडून नॉब फिरवा, खरखर ऐका. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या निघतील याची या किमतीत खात्री नाही, म्हणून ऑनलाइन घ्यायची झाली तर परत घेण्याची सोय बघून घ्या. मुंबईला येणं होणार असेल तर धोबीतलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात अर्धा दिवस घालवा. जवळच रंगभवन आहे, जिथे एकेकाळी इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा; नमस्कार करून या.

पैशांचं म्हणाल तर गिटारीला १५-१६ हजार, ॲम्पला सात-आठ, उरलेले केबल, पट्टा आणि सेटअपला (तारांची उंची, नेक वगैरे नीट लावून घ्यायला). सगळे २५ गिटारीत घालून दोन हजारांचा डबा ॲम्प घेतलात तर आवाज डब्याचाच येणार. घरात १० वॉट पुरून उरतात. हेडफोनची जागा असलेला छोटा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची नक्कल करणारा) बघा, त्यातच हेवी आवाज तयार मिळतात आणि शेजारीही बोलत नाहीत. गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा तो नॉब, निम्म्यावर ठेवा. दहावर ठेवला की सगळ्या चुका झाकल्या जातात, ऐकायला भारी वाटतं आणि उजवा हात तयार होत नाही.

जाड तारा घातल्याशिवाय मेटल होत नाही असंही कुणीतरी सांगेलच. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे सतराव्या वर्षी त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली, हाताला झेपाव्यात म्हणून पातळ तारा लावल्या, पुढे त्या उतरवूनही वाजवल्या. त्याच हाताने हेवी मेटलचा आवाज घडला. तुम्ही ९ किंवा १० चा (म्हणजे पातळ तारांचा) सेट घ्या.

आणि गिटार घेतल्यावर चांगल्या माणसाकडून एकदा सेटअप करून घ्या. बाराव्या फ्रेटवर जाड तार साध्या स्टीलच्या पट्टीने मोजली तर दोन मिलिमीटरच्या आसपास उंच हवी. पावसाळ्यात नेक थोडा हलतो, तारा फरफरायला लागतात, घाबरू नका. ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईला, स्वतः हात लावायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, त्यापुढे नाही. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसा. कृष्णाकाठच्या जुलैत त्या गंजायला वेळ लागत नाही.